श्रद्धेची कृती आणि संमतीचा प्रश्न : ‘स्मृतिचित्रे’ ते ‘नाही मी एकला’

प्रास्ताविक

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ख्रिस्ती लेखकांचा उल्लेख आला की त्यापाठोपाठ ‘सेवाभाव’ हा शब्द जवळजवळ ठरल्याप्रमाणे येतो. शाळा, दवाखाने, अनाथगृहे यांची आदरपूर्वक नोंद केली जाते आणि लगेचच धर्मांतराच्या वादाकडे वळण घेतले जाते. परिणामी एक गोष्ट नजरेआड राहते. या लेखकांनी सेवा केली एवढेच नव्हे, तर सेवेविषयी विचार केला आहे, प्रसंगी तिच्याविषयी शंकाही घेतली आहे. कृतीवाचून श्रद्धा निर्जीव ठरते, हा नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा आग्रह सर्वपरिचित आहे. परंतु ती कृती कोणी करावयाची, कोणाच्या संमतीने आणि कोणाच्या कष्टावर, हे प्रश्न प्रवचनात क्वचितच विचारले जातात. मराठी ख्रिस्ती गद्याने मात्र ते विचारले आहेत. प्रस्तुत लेखात लक्ष्मीबाई टिळक आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या आत्मकथनांच्या आधारे या प्रश्नांचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

या विषयाला ठाणे-कल्याण परिसराचा संदर्भ आहे आणि तो केवळ योगायोगाचा नाही. ख्रिस्ती इतिहासात ठाण्याचे नाव प्रथम ठळकपणे येते ते १३२१ मध्ये तेथे मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन साधूंमुळे. पोर्देनोनेच्या ओदोरिकच्या प्रवासवृत्तान्ताने ही कथा युरोपात पोहोचवली. श्रद्धेसाठी मरण पत्करणे हा तेथे श्रद्धेचा पुरावा होता. पुढे साडेपाच शतकांनी, १८६९ नंतरची काही वर्षे, कोकणातील करजगाव येथे जन्मलेला नारायण वामन टिळक नावाचा मुलगा कल्याणच्या शाळेत शिकत होता. त्या वेळी ख्रिस्ती धर्माशी त्याचा काहीही संबंध नव्हता. आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या वसई तालुक्यातील नंदाखाल या गावी दिब्रिटोंचा जन्म झाला. अर्वाचीन काळात या लेखकांनी श्रद्धेचा पुरावा मरणात न शोधता रोजच्या जगण्यात शोधला. रोजचे जगणे आले की घर, पैसा, पाणी आणि जमीन हेही आले.

सेवेकडून श्रद्धेकडे

सामान्य समजूत अशी की आधी श्रद्धा, मग सेवा. मराठी ख्रिस्ती अनुभवात हा क्रम अनेकदा उलटा दिसतो. पंडिता रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात इंग्लंडमधील एका भेटीची हकीकत सांगितली आहे. वाँटेज येथील भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम येथील एक आश्रयगृह दाखवले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची तेथे भगिनी काळजी घेत होत्या. हे पाहून रमाबाईंनी या करुणेचे मूळ कशात आहे असे विचारले, तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्री व येशू यांच्या भेटीची कथा वाचून दाखवण्यात आली. सेवा आधी दिसली. तिचे स्पष्टीकरण म्हणून श्रद्धा नंतर आली. १८८३ मधील त्यांच्या बाप्तिस्म्याची चर्चा करणाऱ्या अभ्यासकांनी तात्त्विक वादांना जेवढे महत्त्व दिले, तेवढे या साध्या भेटीला दिलेले नाही.

तथापि रमाबाईंच्याच चरित्रात संमतीचा प्रश्नही प्रथम उग्र रूपाने उभा राहिला. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढे पुण्यास गेले आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी त्यातून अंग काढून घेतले. आश्रयाला आलेली मुलगी आश्रय देणाऱ्याची श्रद्धा स्वीकारते तेव्हा तो तिचा मुक्त निर्णय मानावा काय, हा वादाचा गाभा होता. या वादात दोन्ही बाजूंनी बरेच लिहिले गेले. ज्यांच्याविषयी तो होता त्या मुलींचा आवाज त्यात फार क्षीण आहे. नेमकी ही उणीव सुमारे चार दशकांनी एका स्त्रीच्या आत्मकथनाने, निराळ्या घराच्या संदर्भात का होईना, भरून काढली.

‘स्मृतिचित्रे’ : दात्याच्या घरातून

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. या ग्रंथाचा प्रांजळपणा, विनोद आणि बोलीचा जिवंतपणा यांविषयी मराठी समीक्षेने भरभरून लिहिले आहे. मात्र तो सेवेविषयीचा एक गंभीर ग्रंथ आहे, असे सहसा म्हटले गेलेले नाही. त्याचे कारण ग्रंथाच्या शैलीतच आहे. लक्ष्मीबाई कोठेही सेवेचा गौरव करीत नाहीत. त्या हिशेब सांगतात.

या हिशेबाचे दोन भाग पाडता येतात. पहिला श्रद्धेचा. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीत एका सहप्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. कर्मठ ब्राह्मण घरात वाढलेल्या, सोवळ्याच्या अतिरेकाने पछाडलेल्या पित्याच्या कन्येवर त्यामुळे कोणता प्रसंग गुदरला, याचे वर्णन मराठी गद्यातील अविस्मरणीय भागांपैकी एक आहे. पतिपत्नींचा दीर्घ वियोग झाला. पुढे लक्ष्मीबाई पतीजवळ राहू लागल्या, तरी काही काळ त्यांचा आचार वेगळाच राहिला. टिळकांनी त्यांच्यावर धर्मासाठी सक्ती केली नाही. जातिभेद ही माणसाची निर्मिती आहे, देवाची नव्हे, हा उलगडा लक्ष्मीबाईंना त्यांच्या स्वतःच्या विचारातून झाला. पतीच्या युक्तिवादातून नव्हे. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी. ही पाच वर्षे म्हणजे संमतीची वाट पाहण्याची वर्षे होत. त्या काळी पतीचा धर्म हाच पत्नीचा धर्म मानला जात असताना एका पुरुषाने एवढी वाट पाहिली, ही गोष्ट सामान्य नव्हे.

हिशेबाचा दुसरा भाग सेवेचा आहे आणि तेथे चित्र पालटते. टिळकांचे औदार्य हा ‘स्मृतिचित्रे’मधील सततचा विषय आहे. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे. गरजू दिसला की द्यावयाचे, पाहुणा आला की ठेवून घ्यावयाचे, पोरके मूल दिसले की घरी आणावयाचे. दुष्काळाने पोरक्या झालेल्या मुलांना या घराने जवळ केले. बालकवी ठोमरे अहमदनगरला या घरात मुलासारखे राहिले आणि हिंदूच राहिले. टिळकांच्या सेवेला धर्मांतराची अट नव्हती, याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण. परंतु घरात आणलेल्या प्रत्येक माणसासाठी भाकरी थापणारे हात कोणाचे होते? आजारी मुलाच्या उशाशी कोण बसत होते? ज्या पतीने श्रद्धेच्या बाबतीत पत्नीच्या संमतीची पाच वर्षे वाट पाहिली, त्याच पतीने सेवेच्या बाबतीत ती संमती गृहीत धरली. येथे ‘स्मृतिचित्रे’चा खरा ताण आहे. हा ताण मतभेदाचा किंवा कटुतेचा नाही, म्हणूनच तो वाचकाच्या सहज ध्यानात येत नाही.

लक्ष्मीबाई तक्रार करीत नाहीत. त्या हसतात. त्यांच्या विनोदाला ‘निर्मळ’ हे विशेषण इतक्या वेळा लावले गेले आहे की त्यातील धार बोथट झाली आहे. पतीच्या भोळेपणावर हसताना त्या अचूकपणे सांगून जातात की साधुत्वाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडत होता. गौरवपर चरित्रे असे खाते कधीच उघडीत नाहीत. जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ मध्ये लिहिलेले टिळकांचे इंग्रजी चरित्र हे आदराने ओथंबलेले, मोलाचे पुस्तक आहे; पण ते दिवाणखान्यातून लिहिलेले आहे. ‘स्मृतिचित्रे’ स्वयंपाकघरातून लिहिली गेली. सेवेच्या तत्त्वज्ञानाला स्वयंपाकघराची परीक्षा द्यावी लागते, हे मराठीत प्रथम या ग्रंथाने दाखवले.

१९१७ मधील घटना या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. टिळकांनी अमेरिकन मिशनच्या वेतनाचा त्याग केला, ख्रिस्ती संन्यासीपण स्वीकारले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी त्यात सामावून घेण्याचा त्यांचा विचार होता. वेतन घेऊन केलेली सेवा ही स्वेच्छेची राहात नाही, परकीय पैशावर पोसलेला धर्म या मातीत रुजत नाही, ही त्यांची भूमिका आजही विचारार्ह वाटते. भारतीय ख्रिस्ती विचारात तिला मानाचे स्थान मिळाले आहे आणि ते योग्यच आहे. मात्र संसारी माणसाचा संन्यास हा एकट्याचा कधीच नसतो. वेतन थांबल्यावर चूल पेटती ठेवण्याचा प्रश्न उरतो आणि तो संन्यास घेणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले. ‘देवाच्या दरबारा’ला जेमतेम दोन वर्षे मिळाली. त्यानंतर लक्ष्मीबाई जवळजवळ सतरा वर्षे जगल्या, लिहीत राहिल्या आणि पतीने अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुढे नेले. या महाकाव्याचा बहुतांश भाग त्यांच्या हातचा आहे, ही गोष्ट ‘पतिकार्यास वाहून घेतले’ अशा एका वाक्यात गुंडाळणे अन्यायाचे आहे. न मागता अंगावर पडलेले काम त्यांनी येथे स्वेच्छेने आपले केले. सेवा आणि स्वेच्छा यांची गाठ या ठिकाणी खऱ्या अर्थाने पडते, आणि ती पडते टिळकांच्या पश्चात.

अशा वाचनाने टिळकांची थोरवी उणावते काय, असा आक्षेप येऊ शकतो. तसे वाटत नाही. आपल्या उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू न देता द्यावे, अशी येशूची शिकवण आहे. टिळकांनी ती पाळली. पण ज्या दुसऱ्या हाताने प्रत्यक्ष वाढले त्या हाताचेही कोणाला कळले नाही, असे झाले. ते कळवण्याचे काम ‘स्मृतिचित्रे’ने केले.

वसई : सेवा आणि संघर्ष

लक्ष्मीबाईंच्या घराकडून वसईच्या वाड्यांकडे येताना काळ, पंथ आणि भाषेची धाटणी तिन्ही बदलतात. टिळक दांपत्य प्रोटेस्टंट, पहिल्या पिढीचे ख्रिस्ती, एकाकी. वसईचे कॅथलिक मात्र पोर्तुगीज काळापासून पिढ्यानपिढ्या शेती करणारे, धर्मग्रामात बांधले गेलेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा लोकभाषेत होऊ लागली आणि वसईच्या चर्चमध्ये मराठीला वेदीवर स्थान मिळाले. १९७२ मध्ये धर्मगुरू झालेले दिब्रिटो हे या पर्वाचे अपत्य होत. १९८३ ते २००७ या दीर्घ काळात त्यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले आणि एका धार्मिक नियतकालिकाला मराठी वैचारिक विश्वात स्थान मिळवून दिले. ‘सुबोध बायबल’ हे त्यांचे भाषिक कार्य स्वतंत्र लेखाचा विषय आहे; येथे तो बाजूस ठेवला आहे.

दिब्रिटोंच्या सेवाविचाराला आकार मिळाला तो हरित वसईच्या आंदोलनात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकाम व्यवसायाची दृष्टी पडली. केळी, पानमळे, फुले आणि भाजीपाला यांवर जगणारा हा प्रदेश. त्याचे पाणी विहिरींत आणि बावखलांत साठत असे. टँकरने पाणी उपसून विकण्याचा धंदा वाढला तसा गोड्या विहिरींत खारेपणा शिरण्याचा धोका निर्माण झाला. समुद्रालगतच्या जमिनीत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्याला थोपवून धरतो. तो उपसला की समुद्र आत सरकतो. हे साधे भूशास्त्र वसईच्या शेतकऱ्याला पुस्तकाशिवाय कळत होते. हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून दिब्रिटो या प्रश्नात उतरले. त्यांना धमक्या आल्या. तरीही ते मागे हटले नाहीत.

येथे ‘सेवा’ या शब्दाचा अर्थच बदलतो. भुकेल्याला अन्न आणि तहानेल्याला पाणी देणे ही मत्तयच्या शुभवर्तमानातील न्यायाच्या दिवसाची कसोटी. पण तहानेल्याची विहीरच कोणी उपसून नेत असेल तर? तेव्हा पाण्याचा पेला पुढे करणे अपुरे ठरते. विहिरीपाशी उभे राहावे लागते. पेला देणाऱ्याला शत्रू नसतात, विहिरीपाशी उभे राहणाऱ्याला असतात. लॅटिन अमेरिकेत गुस्ताव्हो गुतिएरेझ यांच्या १९७१ मधील ग्रंथापासून मुक्तीच्या ईशज्ञानाने हाच मुद्दा मांडला होता. मात्र वसईतील आंदोलनाला त्याची केवळ प्रतिकृती म्हणणे चुकीचे होईल. लॅटिन अमेरिकेत भूमिहीनांचा प्रश्न होता. वसईत जमीन बाळगणाऱ्यांचा होता. ‘नाही मी एकला’ या आत्मकथनात आणि दिब्रिटोंच्या अन्य ललित-वैचारिक लेखनात वारकरी संतांचे संदर्भ जेवढ्या सहजपणे येतात, त्यावरूनही या विचाराची मुळे कोठे आहेत हे कळते. आत्मकथनाचे शीर्षकच एकट्याचे कर्तृत्व नाकारते.

आणि तरी संमतीचा प्रश्न येथेही सुटत नाही. जमीन बिल्डरला विकणारा शेतकरी ती स्वेच्छेनेच विकत होता, निदान कागदोपत्री. जमीन विकणारे आणि ती वाचवू पाहणारे यांच्यातील रेषा धर्माची नव्हती; ती एकाच धर्मग्रामातून, प्रसंगी एकाच घरातून जात होती. धर्मगुरू प्रवचनपीठावरून हिरवाईची हाक देतो तेव्हा समोरच्या बाकावर बसलेल्या कुटुंबाला मुलीच्या लग्नासाठी, मुलाच्या शिक्षणासाठी किंवा केवळ चांगल्या दरासाठी जमीन विकावयाची असते. त्या कुटुंबाला हरित वसईसाठी त्याग करण्यास कोणी आणि कोणत्या अधिकाराने सांगावे? दिब्रिटोंचे गद्य या प्रश्नापाशी येते, पण फार वेळ थांबत नाही. त्यांच्या शैलीतील एक मर्यादा येथे जाणवते. ते मूलतः प्रवचनकार होते. प्रसंग सांगता सांगता ते उद्बोधनाकडे वळतात आणि प्रसंगातील अडचण उद्बोधनात विरघळून जाते. वसईची माती, वाड्या, लहानपणीचे गाव यांविषयी ते लिहितात तेव्हा त्यांचे गद्य विलक्षण पारदर्शी होते. मूल्यांविषयी लिहू लागले की तेच गद्य सर्वमान्य विधानांकडे झुकते. लक्ष्मीबाईंना ही सोय नव्हती. त्यांना प्रवचन द्यावयाचे नव्हते, त्यामुळे अडचण अडचणीच्याच रूपात त्यांच्या पानावर राहिली.

सेवेवरील संशय

दोन्ही लेखकांच्या बाबतीत एक समान अनुभव येतो, तो संशयाचा. टिळकांवर स्वकीयांनी संशय घेतला. दिब्रिटोंची २०१९ मध्ये ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू आहेत या कारणावरून विरोध झाला. ठाण्याने २०१० मध्ये आणि डोंबिवलीने २०१७ मध्ये संमेलने भरवली. याच परिसराच्या मातीतला लेखक अध्यक्ष झाला तो मात्र दूर उस्मानाबादेत, जानेवारी २०२० मध्ये. प्रकृती साथ देत नसतानाही त्यांनी ते पद भूषविले. विरोध करणाऱ्यांनी त्यांचे किती लेखन वाचले होते, हा प्रश्न अप्रस्तुत नाही. सेवेमागे धर्मांतराचा हेतू असतो, या आक्षेपाला शारदा सदनापासूनचा इतिहास आहे आणि तो सरसकट खोटा ठरवता येत नाही. परंतु बालकवींना घरात ठेवून घेणारे टिळक किंवा हिंदू-ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या सामाईक विहिरींसाठी उभे राहणारे दिब्रिटो यांना तो लावणे म्हणजे वाचनाऐवजी ओळखपत्र तपासणे होय. खेदाची गोष्ट अशी की कौतुक करणारी समीक्षाही बहुधा ओळखपत्रच तपासते. फक्त शेरा अनुकूल मारते.

वसईत जे घडले ते आज ठाणे खाडीपासून कल्याण-डोंबिवलीच्या मागील डोंगरापर्यंत वेगवेगळ्या रूपांत घडते आहे. २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत समाविष्ट केलेल्या २७ गावांतून स्वतंत्र राहण्याची मागणी सातत्याने झाली. तेथे प्रश्न ख्रिस्ती धर्माचा नाही. पण विकासाला संमती कोणाची घ्यावयाची हा प्रश्न तोच आहे.

२५ जुलै २०२४ रोजी दिब्रिटोंचे निधन झाल्यानंतर त्यांच्या कार्याचे मूल्यमापन सुरू झाले आहे. त्यात बरेचसे विन्स्लोंच्या वाटेने जाणारे असेल, हे स्वाभाविक आहे. कॅथलिक धर्मगुरू ब्रह्मचारी असतो. त्याच्या त्यागाचा हिशेब ठेवणारी लक्ष्मी त्याच्या घरात नसते. तो हिशेब वसईतील इतर घरांत पडून आहे. हरित वसईच्या आंदोलनात स्त्रियांचा सहभाग मोठा होता. पहाटे वाडीला पाणी देऊन, फुलांच्या आणि भाजीच्या पाट्या बाजारात पोहोचवून, घरचे आवरून त्या मोर्चात आल्या. नेत्याच्या आत्मकथनात समूह अपरिहार्यपणे समूह म्हणूनच येतो. त्यातील एकेका बाईने घरी काय ऐकून घेतले, किती दिवसांची मजुरी बुडवली, जमीन विकावी असे म्हणणाऱ्या नवऱ्याशी किंवा दिराशी ती काय बोलली, हे तेथे येऊ शकत नाही. त्यांपैकी अनेकजणी आज वृद्ध आहेत. सामवेदीत किंवा वाडवळीत त्या ज्या आठवणी सांगतील, त्या टिपून घेण्याचे काम वसई-ठाणे परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांना करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी हाती वेळ थोडा आहे.